अ‍ॅस्परजिलसच्या साखरेसाठी अँटिबॉडी: पहिल्या अर्जापासून तिसऱ्या बॅचपर्यंत

प्रथिनांवर अँटिबॉडी काढायचा हात बसलेला असला, तरी समोर पॉलीसॅकराइड, म्हणजे साखरेची लांब साखळी, आलं की निम्मे ठोकताळे कोलमडतात. आमचं लक्ष्य होतं अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचं गॅलॅक्टोमॅनन. पंधरा महिने लागले, त्यातले जेमतेम पाच प्रत्यक्ष अँटिबॉडी शोधण्यात गेले. बाकीचे कागदपत्रांत, अँटिजेन (अँटिबॉडीने पकडायचा रेणू) नीट करण्यात आणि नको तिथून येणारी साखर हुडकण्यात. या वाटेने कुणी निघणार असेल तर ही टिपणं उपयोगी पडतील.

आधी रेणूबद्दल. गॅलॅक्टोमॅननचा कणा अल्फा जोडांनी बांधलेल्या मॅनोजचा. त्यावर गॅलॅक्टोफ्युरॅनोजच्या आखूड साखळ्या लटकतात, मुख्यतः बीटा-१,५ जोडांच्या. आपल्या पेशींत गॅलॅक्टोज असतं ते सहा अणूंच्या कड्याचं; पाच अणूंच्या कड्याचं माणूस बनवतच नाही. म्हणून ही साखळी निदानासाठी सोन्यासारखी. १९९२ साली प्रसिद्ध झालेली ईबी-ए२ ही रॅटची आयजीएम (अँटिबॉडीचा मोठा, अनेक पकडींचा प्रकार) अँटिबॉडी हिलाच ओळखते, आणि गॅलॅक्टोमॅननची प्रचलित एलायझा (प्लेटवर रंगाने मोजणारी) चाचणी तिच्यावरच उभी आहे. आम्हाला हवी होती जनुकक्रम हाताशी असलेली आयजीजी, म्हणजे दोन पकडींची नेहमीची अँटिबॉडी. अँटिबॉडी बनवणाऱ्या हायब्रिडोमा पेशी गेल्या म्हणून अँटिबॉडी गेली, असं होऊ नये आणि दर बॅच सारखी निघावी, एवढाच हेतू.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या, आणि तेच सगळ्यात शहाणपणाचं ठरलं. एक, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचा अर्ज. बुरशी दुसऱ्या स्तराच्या सुविधेत वाढवायची आणि शिवाय रिकॉम्बिनंट फेज (जिवाणूंत वाढणारे, जनुक बदललेले विषाणू) हाताळायचे, म्हणून दोन वेगळे फॉर्म. दुसऱ्या फॉर्ममध्ये वेक्टरचा (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएचा) नकाशा, प्रतिजैविकरोधी जनुकांची नावं आणि कचऱ्याची विल्हेवाट नेमकी लिहावी लागते. ‘ऑटोक्लेव्ह करू’ एवढं लिहिलं म्हणून अर्ज एकदा परत आला; तापमान, वेळ आणि बीजाणू मेल्याची तपासणी कशी करणार, हेही हवं होतं. दोन, मानवी एससीएफव्ही फेज लायब्ररीसाठी मटेरियल ट्रान्सफर करार (साहित्य देण्याघेण्याचा); एससीएफव्ही म्हणजे अँटिबॉडीचा फक्त पकड करणारा तुकडा, आणि लायब्ररीतल्या प्रत्येक फेजवर असा वेगळा तुकडा असतो. तीन, कृत्रिम गॅलॅक्टोफ्युरॅनोज ऑलिगोसॅकराइडची (आखूड साखळ्यांची) मागणी: दोन, तीन, चार आणि पाच एककांची. समितीला सहा आठवडे लागले, कराराला अकरा, ऑलिगोसॅकराइडला सोळा. सबंध कामात सर्वांत महाग याच चार छोट्या कुप्या पडल्या, पण त्यांच्यावाचून शेवटी काहीच सिद्ध करता आलं नसतं.

प्राण्यांना टोचून अँटिबॉडी का काढल्या नाहीत, हा प्रश्न समितीनेही विचारला. नुसतं पॉलीसॅकराइड टोचलं तर टी पेशींची मदत मिळत नाही. आयजीएम बनते, आकर्षण कमी राहतं, स्मृती जवळजवळ नाही. वाहक प्रथिनाला जोडून टोचता येतं, पण मग प्राण्यांच्या प्रयोगांसाठी आणखी एक समिती आली. लायब्ररीत निदान निवडीची कळ आपल्या हातात राहते.

परवानगी आल्यावर अँटिजेन. इथे घाई केली की पुढे सगळं फसतं. बुरशी द्रवमाध्यमात ३७ अंशांना हलवत वाढवली, आणि माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अजिबात घातलं नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे सॅकॅरोमायसीसचा अर्क. त्यात मॅनन असतं आणि इथेनॉलने अवक्षेप काढला की तेही आपल्या अँटिजेनसोबत खाली बसतं. पाच दिवसांनी गाळलेल्या द्रवात चार पट थंड इथेनॉल, ४ अंशांना रात्रभर. अवक्षेप पाण्यात विरघळवून प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम), मग डायलिसिस (पापुद्र्यातून छोटे रेणू पाण्यात सोडणं) दोन दिवस, पाणी सहा वेळा बदलून. गाळण्यासाठी सेल्युलोजचा फिल्टर वापरू नका. त्यातून बीटा-१,३-ग्लुकान झिरपतं. आम्ही पॉलीइथरसल्फोन वापरला.

फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाने ४९० नॅनोमीटरला साखर मोजता येते, पण हा आकडा भाबडा आहे. माध्यमातलं उरलेलं ग्लुकोजही तो तितक्याच आनंदाने मोजतो. पहिल्या बॅचचं उत्पादन पाहून सगळे खूश झाले. आम्लाने पूर्ण तोडून क्रोमॅटोग्राफीवर घातलं तेव्हा कळलं की जवळपास तिसरा हिस्सा ग्लुकोज आहे. डायलिसिस कमी पडलं होतं. या तपासणीत मॅनोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही दिसायला हवेत. गॅलॅक्टोसामीन दिसलं तर याच बुरशीचं गॅलॅक्टोसामिनोगॅलॅक्टन सोबत आलंय असं समजा आणि शुद्धीकरणाकडे परत जा.

आता बायोटिन जोडायचं, म्हणजे स्ट्रेप्टाविडिन लावलेल्या बीड्सवर (बारीक मण्यांवर) अँटिजेन पक्कं बसतं. पॉलीसॅकराइड पाणीप्रेमी आणि बहुतेकदा विद्युतभारहीन असतं. ते पॉलीस्टायरीनच्या नळीला धड चिकटत नाही. धुताना अर्धं वाहून जातं आणि आपण रिकाम्या प्लास्टिकवर पॅनिंग (चिकटणारे फेज निवडणं) करत राहतो. सोपा मार्ग म्हणून पेरआयोडेट निवडलं: १० मिलिमोलर, बर्फात, अंधारात, अर्धा तास, तयार झालेल्या अल्डिहाइडला बायोटिन हायड्राझाइड. बायोटिन झकास जोडलं गेलं. पण गॅलॅक्टोमॅनन ओळखणाऱ्या संदर्भ अँटिबॉडीने तपासलं तर सिग्नल पार झोपलेला.

कारण कागदावर रचना काढल्यावर लगेच दिसलं. शेजारी-शेजारी दोन मोकळे हायड्रॉक्सिल असले की पेरआयोडेट तिथे कात्री चालवतं. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोफ्युरॅनोजमध्ये पाचव्या आणि सहाव्या कार्बनवर, कड्याच्या बाहेर, नेमकी अशीच मोकळी जोडी असते. म्हणजे जे ओळखायचं तेच आधी कापलं. बीटा-१,३-ग्लुकानवर काम करणाऱ्यांचा अनुभव उलटा असेल: तिथे मधल्या एककांत अशी जोडीच नसते, त्यामुळे पेरआयोडेटचा परिणाम फक्त टोकांना आणि फांद्यांना होतो. आपल्या रेणूची रचना समोर ठेवूनच रसायन निवडायचं.

मग सीडीएपी नावाचं दुसरं रसायन. हे हायड्रॉक्सिलला सायनेट एस्टर करतं, कडं मोडत नाही. ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर पॉलीसॅकराइड, बर्फात. सीडीएपी असेटोनायट्राइलमध्ये विरघळवून, दर मिलिग्रॅम साखरेमागे अर्धा मिलिग्रॅम. लगेच पीएच ९ वर आणून पंधरा मिनिटं तिथेच राखायचा. तो सारखा खाली घसरतो, म्हणून एकाने इलेक्ट्रोडकडे बघायचं आणि दुसऱ्याने थेंब सोडायचे. १० च्या वर गेला तर एस्टर पाण्यानेच तुटतो आणि सगळं मुसळ केरात. नंतर हेक्सेनडायअमाइन भरपूर जास्त, रात्रभर, डायलिसिस, शेवटी त्या अमाइनला जोडलं जाणारं एनएचएस-बायोटिन. साधारण ऐंशी एककांमागे एक बायोटिन पडलं. त्याहून दाट नको, नाहीतर साखळी बीडवर आडवी बांधली जाते. या वेळी संदर्भ अँटिबॉडीचा सिग्नल शाबूत होता. कूपी फ्रीजरमध्ये ठेवताना लेबलावर बॅच क्रमांक आणि हा सिग्नल, दोन्ही लिहिले.

याच दिवसांत दोन ‘नकोसे’ अँटिजेनही बनवून ठेवले. गॅलॅक्टोफ्युरॅनोजचा जोड आम्लाला हळवा असतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १०० अंशांना तासभर ठेवलं की साखळ्या गळून पडतात आणि मॅनोजचा कणा उरतो. दुसरं म्हणजे यीस्टचं मॅनन. दोन्हींना तसंच बायोटिन. इथपर्यंत साडेचार महिने झाले होते आणि एकही फेज हातात घेतलेला नव्हता. वरिष्ठांना प्रगती अहवाल देताना अंग चोरावं लागतं, पण हा वेळ वाया गेला नाही.

लायब्ररी कोरड्या बर्फात आली. करारात तिची प्रत वाढवायला परवानगी होती. नसेल तर आधी विचारा. प्रत वाढवताना ती हायपरफेज या हेल्पर फेजने (कण बांधायची प्रथिनं पुरवणारा मदतनीस फेज) पॅक केली. साध्या हेल्पर फेजने बहुतेक कणांवर जास्तीत जास्त एकच एससीएफव्ही येतं. साखरेवरचं एकेरी आकर्षण बहुधा मायक्रोमोलरच्या घरात, म्हणजे कमकुवत असतं. एका हाताने धरलेला फेज धुताना सुटतो. हायपरफेजमध्ये स्वतःचं जीन-३ (फेजच्या पी-३ प्रथिनाचं जनुक) नसल्याने कणावरच्या सगळ्या पी-३ प्रथिनांवर, म्हणजे तीन ते पाच ठिकाणी, एससीएफव्ही लागतं. पहिल्या फेरीला हे वापरलं, पुढे नेहमीचा हेल्पर.

फेज ज्यांत वाढतात ते टीजी१ जिवाणू मिनिमल प्लेटवरून घ्यायचे, म्हणजे एफ पिलस (फेज ज्याला धरून आत शिरतो तो केसासारखा तंतू) टिकून राहतो. ३७ अंशांना ओडी (जिवाणू किती वाढले ते दाखवणारी गढूळता) ०.४ ते ०.५ झाला की लगेच फेज घालून अर्धा तास न हलवता ठेवायचं. फ्लास्क बाकावर गार होऊ दिला तर पिलस बनत नाहीत आणि आउटपुट (परत मिळालेल्या फेजचा आकडा) शंभर पटीने पडतो. मग दोष पॅनिंगला लावला जातो.

पहिल्या फेरीत साधारण लाख कोटी फेज घेतले. ते आधी मोकळ्या स्ट्रेप्टाविडिन बीड्सवर, मग यीस्ट मॅनन लावलेल्या बीड्सवर, मग आम्लाने सोललेल्या कण्यावर, प्रत्येकी पाऊण तास फिरवले. न चिकटलेलेच पुढे नेले. स्ट्रेप्टाविडिनच का, अ‍ॅविडिन का नाही? अंड्यातल्या अ‍ॅविडिनवर मॅनोज असलेल्या साखळ्या असतात. ओव्हल्ब्युमिनवरही असतात. ब्लॉकिंगसाठी (मोकळ्या जागा झाकण्यासाठी) दुधाची पावडर टाळली, तिच्यात साखर जोडलेली प्रथिनं भरपूर. २ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) पुरलं. टीजी१ ज्या २एक्सटीवाय माध्यमात वाढतात त्यातही यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतंच, म्हणून फेज पॉलीइथिलीन ग्लायकॉल-मीठाने दोनदा अवक्षेपित केले. अ‍ॅम्पिसिलिनचाही संशय घेतला: पेनिसिलिन ज्या बुरशीतून येतं तिच्यातही गॅलॅक्टोमॅनन असतं, आणि पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम घेणाऱ्या रुग्णांत ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह आल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. आमचा साठा स्पर्धा एलायझात (मोकळी साखर सिग्नल किती पाडते ते पाहणाऱ्या चाचणीत) घालून पाहिला. त्यात काही सापडलं नाही. तरी पाहून घेतलेलं बरं.

धुणं पहिल्या फेरीत पाचच वेळा, दुसरीत आठ. प्रथिनांच्या सवयीने वीस वेळा धुतलं की कामाचे क्लोनही (एकेका फेजची वंशावळ) मोरीत जातात. पहिल्या दोन फेऱ्यांत चिकटलेले फेज ट्रिप्सिनने (प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने) सोडवले, तिसरीत मात्र चार एककांच्या ऑलिगोसॅकराइडने. जो फेज आपल्याच साखळीसाठी बीड सोडतो, तोच हवा. आउटपुट तीस हजार, मग दोन लाख, मग चार कोटी. आकडा असा चढला की आनंद होतो, पण त्यावर विसंबू नये. कॉलनी पीसीआरमध्ये (क्लोनमधल्या जनुकाची लांबी पाहण्यात) पूर्ण एससीएफव्हीचा पट्टा हजार बेसच्या थोडा खाली यायला हवा. चोवीसपैकी सात क्लोनचा तीनशेच्या आसपास आला. आतला तुकडा गळालेले हे क्लोन भराभर वाढतात आणि गर्दी करतात. चौथी फेरी केली असती तर तेच उरले असते. म्हणून तिसरीनंतर थांबलो.

एकेका क्लोनची फेज एलायझा: २८८ क्लोन, प्रत्येक चार वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत). गॅलॅक्टोमॅनन, सोललेला कणा, यीस्ट मॅनन, नुसतं स्ट्रेप्टाविडिन. एकोणचाळीस क्लोन फक्त पहिल्या वेलमध्ये लागले. अनुक्रम वाचल्यावर त्यांचे वेगळे असे सहाच निघाले.

त्यानंतरचा महिना निराशेचा. सहाही एससीएफव्ही एचबी२१५१ या जिवाणूंत मोकळे, म्हणजे फेजविना, बनवले, शुद्ध केले, आणि एलायझात जवळजवळ काहीच नाही. फेजवर उत्तम, मोकळे झाले की मुके. क्लोन चुकीचे नव्हते. फेजवर अनेक प्रती होत्या, अँटिजेनवर तीच खूण पुन्हापुन्हा होती, त्यामुळे एकमेकांना आधार देत घट्ट पकड बसत होती. जेल फिल्ट्रेशनमध्ये (आकाराप्रमाणे रेणू वेगळे करताना) एका क्लोनचा थोडा भाग द्विरेणू म्हणून आधी उतरला. तेवढाच भाग चिकटला, एकेरी नाही. तुमच्याकडे असं झालं तर क्लोन फेकू नका, आधी दुहेरी करून बघा.

सहाही एससीएफव्ही-एफसी रूपात मागवले; एफसी म्हणजे अँटिबॉडीचा देठ, त्याने दोन एससीएफव्ही जोडीने येतात. जनुक संश्लेषणाला चार आठवडे. मागवण्यापूर्वी सीडीआरमध्ये (पकड करणाऱ्या वळशांत) एन-एक्स-एस किंवा एन-एक्स-टी असा अमिनो आम्लांचा क्रम (यातला एन म्हणजे अ‍ॅस्पॅराजीन) आहे का ते पाहा. एका क्लोनमध्ये होता. सस्तन पेशीत तिथे साखर बसली असती, नेमकी पकडीच्या तोंडावर. जिवाणूत हे कळतच नाही. तिथे अ‍ॅस्पॅराजीनच्या जागी ग्लुटामीन घेतलं, पकड टिकली.

स्वस्त पडेल म्हणून पिकिया यीस्टमध्ये बनवायची सूचना दोनदा आली. साखरेवरच्या अँटिबॉडीसाठी यीस्ट हा यजमान नकोच. तो माध्यमात मॅनोप्रोटीन सोडतो. एचईके२९३ या मानवी पेशी घेतल्या, ३० मिलिलिटर, मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम डीएनए आणि ३ मायक्रोग्रॅम पीईआय (डीएनए पेशीत नेणारं रसायन). माध्यम पूर्ण रासायनिक व्याख्येचं घ्या. काही माध्यमांत यीस्टोलेट (यीस्टचाच अर्क) असतं, ते लेबलावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सहाव्या दिवशी काढून प्रोटीन ए (अँटिबॉडी पकडणारं प्रथिन), पीएच ३ च्या ग्लायसीनने सोडवणं, आणि प्रत्येक नळीत आम्ल शमवणारं ट्रिस आधीच घालून ठेवलेलं, म्हणजे अँटिबॉडी आम्लात मिनिटभरही राहत नाही. एका फ्लास्कमधून सव्वा मिलिग्रॅम. दुहेरी झाल्यावर सहापैकी चार क्लोन बोलू लागले. त्यातले दोन पुढे पूर्ण आयजीजी१ केले.

ओळख पटवायला स्पर्धा एलायझा. दोन एककांच्या साखळीने काही फरक नाही, तीनने किंचित, चार आणि पाचने सिग्नल निम्म्यावर, तोही काही दशक मायक्रोमोलरला. साधं गॅलॅक्टोज आणि मॅनोज १० मिलिमोलरलाही निष्प्रभ. सेन्सरवर पॉलीसॅकराइड लावून मोजलं तर हीच अँटिबॉडी नॅनोमोलर, म्हणजे कितीतरी घट्ट, दिसते. दोन्ही आकडे खरे आहेत. एक एका हाताचा, दुसरा दोन्ही हातांचा. अहवालात फक्त दुसरा देणं म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ.

बुरशीवर फ्लुओरेसन्स पाहताना तंतू हिरवे झाले, सुप्त बीजाणू काळेच राहिले. घाबरू नका, बीजाणूंवर रॉडलेट प्रथिनांचं आणि मेलॅनिनचं आवरण असतं. फुगायला लागल्यावर ते उजळले. सर्वांत भक्कम नकारात्मक नमुना म्हणजे यूडीपी-गॅलॅक्टोपायरॅनोज म्यूटेजचं जनुक काढलेला बुरशीचा वाण, ज्यात गॅलॅक्टोफ्युरॅनोज बनतच नाही. तो मिळवायला आणखी एक करार, आणखी नऊ आठवडे. पहिल्या आठवड्यात मागवला असता तर हे वाचले असते.

शेवटचा घोळ सँडविच एलायझात झाला. प्लेटवर अँटिबॉडी, वर नमुना, त्यावर एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) जोडलेली अँटिबॉडी. एका आयजीजीच्या ओळीत नमुना न घातलेल्या वेलही भराभर निळ्या झाल्या, आम्ल घातल्यावर पिवळ्याजर्द. ब्लॉकिंग बदललं, धुणं वाढवलं, सौम्यता बदलली, फरक शून्य. मग नुसतं मोकळं एचआरपी घातलं, अँटिबॉडीशिवाय. तीच निळाई. एचआरपी हे मुळ्याच्या कुळातल्या हॉर्सरॅडिशचं एन्झाइम आहे आणि त्यावर मॅनोज असलेल्या साखळ्या असतात. हा क्लोन गॅलॅक्टोफ्युरॅनोजसोबत मॅनोजच्या साखळ्यांनाही थोडा धरत होता. कण्यावरच्या तपासणीत ते सुटलं, कारण तिथे फेज पातळ होता. क्लोन बाद. दुसऱ्याच्या वेल स्वच्छ राहिल्या. मोकळ्या एचआरपीची ही एक ओळ आता आम्ही पहिल्याच प्लेटवर घालतो.

सीरममध्ये चाचणी करताना एक सोय मात्र साखरेने करून दिली. ईडीटीए घालून नमुना उकळला की प्रथिनं गोठून खाली बसतात, रुग्णाच्या स्वतःच्या अँटिबॉडी सुटतात, आणि गॅलॅक्टोमॅनन वरच्या द्रवात जसंच्या तसं राहतं. अपेक्षेप्रमाणे पेनिसिलियमचा अर्कही लागला, कॅन्डिडाचा नाही.

आयजीजीच्या तीन बॅच, तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातांनी. स्पर्धेच्या वक्ररेषा एकमेकींवर बसल्या. लायब्ररीच्या कराराप्रमाणे उपयोगी क्लोनचा अनुक्रम मूळ मालकांना कळवायचा होता आणि त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत प्लाझमिड (अँटिबॉडीचं जनुक असलेलं डीएनए) बाहेर पाठवायचं नव्हतं. ते कलम पान सातवर होतं. उत्तराला पाच आठवडे लागले.